अवेळीं आलेलीं पुस्तकें

लहान मुलास खेळणें द्यावें, खाऊ द्यावा, हा लोकाचार आहे. आमच्या अण्णाकाकांस मात्र तो कधींच मान्य झाला नाहीं. ते सोलापुरांतील एका गिरणींत कारकून होते. लग्न केलें नव्हतें. पगारांतून उरेल तें पुस्तकांत जाई आणि तीं पुस्तकें घरांतील मुलांच्या पदरांत पडत.

पांच वर्षांचा असतांना मीं हट्ट धरला, ‘मला राक्षसाची गोष्ट पाहिजे.’ दुसऱ्याच दिवशीं काकांनीं विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ आणून हातीं ठेविलें! मीं पान न्‌ पान उलटलें. ना शिंगें, ना सुळे. त्यांतील राक्षस म्हणजे नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य, हें कळावयास मला पुढें दहा वर्षें लागलीं.

धाकट्या बहिणीचें नांव लीला. तिच्या बारशास भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आली. कारण काय, तर नांव जुळतें! इ. स. ११५० मधील त्या गणितग्रंथांत भुंगे, हंस, मोर सारे आहेत. परंतु दांत येऊं लागतांच लीलेनें त्याचा कोपरा तेवढा चघळला. तीन वर्षांच्या चुलतभावास मोल्सवर्थचा कोश मिळाला, नऊशेंहून अधिक पानांचा. आजी म्हणाली, ‘पुस्तकाला पाय लागूं नये म्हणून, नाहींतर पाट म्हणून तरी उपयोग झाला असता.’

पुढें मी शिक्षक झालों. वयानुरूप वाचन हें आमचें सूत्र. माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसास काका कौटिल्याचें ‘अर्थशास्त्र’ घेऊन आले, तेव्हां चार पाहुण्यांदेखत मी बोलून गेलों, ‘काका, थोडें वय पाहून तरी आणीत जा.’

काका हंसले. ‘वय पाहूनच आणतों रे. त्याचें नव्हे, माझें. हा वाचण्याजोगा होईल तेव्हां मी कुठें असणार?’

त्या संक्रांतीस काकांनीं सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरून मुलासाठीं पिपाणी आणली. पुस्तक आणलें नाहीं. पुढेंही कधीं आणलें नाहीं. पिपाणी आठवड्यांत मोडली. ‘अर्थशास्त्र’ आज मुलाच्या कपाटांत आहे. पहिल्या पानावर काकांच्या वळणदार अक्षरांत त्याचें नांव आहे. तो तें वाचूं लागला, तेव्हां काका खरोखरच नव्हते.

वय पाहून म्हणजे तरी काय? ज्या पंचतंत्रास आपण निःशंकपणें मुलांचें पुस्तक म्हणतों, त्याच्या पहिल्याच तंत्रांत एक कोल्हा सिंह आणि बैल या जिवलग मित्रांत फूट पाडतो. तें आपणांस चालतें. मग काकांनाच मीं त्या दिवशीं कां अडविलें? चार पाहुण्यांत शहाणा दिसण्याची हौस, याहून दुसरें कारण मला सांपडत नाहीं.

मागील महिन्यांत नातवाचें बारसें झालें. मीं अमरकोश नेला. सूनबाईनें हंसून विचारलें, ‘बाबा, हा आत्तां कसा वाचणार?’

मीं म्हटलें, ‘त्याला घाई नाहीं, सूनबाई. घाई मला आहे.’