आखरावरची ओळखपाळख

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या खेड्यांत सकाळी चरायला निघण्याआधी ढोरं आखरावर जमतात, तेव्हा त्यांना कुणी जागा नेमून देत नाही. दावं सुटलं की जी ती आपल्या गल्लीतून निघते, वाटेत कुणाच्या तरी तणशीला तोंड लावून शिव्या खाते आणि आखरावर पोचली की बरोबर आपल्या माणसांत, म्हणजे आपल्या गाईंत, जाऊन उभी राहते. मागच्या वर्षी दुसऱ्या घरी विकलेली कालवडही इथे आल्याबरोबर आईला हुडकते. गोठा बदलला, मालक बदलला, नातं मात्र आखराने सांभाळलं.

जरा थांबून बघावं असं तिथे बरंच असतं. एक गाय दुसरीपुढे जाते, मान खाली घालून लांब करते आणि नुसती उभी राहते. दुसरी तिला चाटू लागते. कानामागे, गळ्याखाली, मानेच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथे आपली आपल्याला जीभ पोचत नाही नेमकं तिथे. डोळे अर्धे मिटतात, खालचा ओठ सैल पडतो. चाटणारी मध्येच थांबली तर पहिली डोक्याने हलकेच ढुसणी देते, ‘अजून’ म्हणून. अशा वेळी चाटून घेणाऱ्या गाईच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. व्हिक्टर आणि ॲनी राइनहार्ट या दोघांनी केनियात आपल्यासारख्याच वशिंडाच्या गुरांचा एक कळप वर्षानुवर्षं न्याहाळला आणि 1981 साली त्यावर लिहिलं. पुढचं वासरू झालं तरी आईचा आधीच्या लेकरांवरचा जीव उडत नाही, चरायला आणि चाटायला ती त्यांनाच जवळ करते, असं त्यांना दिसलं. आखरावर आयुष्य काढलेल्या गायकीला, म्हणजे गावची गुरं राखणाऱ्याला, यात नवल वाटणार नाही. पण कुणीतरी वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून ते टिपलं, याचं मला अप्रूप आहे.

कळपात मानपान कडक असतो. पाण्यावर आधी कोण, सावलीतली जागा कुणाची, हे शिंगांनी एकदा ठरलं की रोज भांडावं लागत नाही. नुसती मान वळवली तरी धाकटी बाजूला होते. नवी गाय आली की चार-आठ दिवस ढकलाढकली चालते, मग तिची पायरी ठरते. मात्र जिच्या शिंगांना सगळ्या भितात, तीच पुढे चालते असं नाही. रानाची वाट धरणारी बहुधा एखादी जुनी, वाट आणि पाणी माहीत असलेली गाय असते आणि भांडणात ती मधल्या पायरीवरही असू शकते. दरारा एकीचा, भरवसा दुसरीवर. आपल्या ग्रामपंचायतींत ही सोय अजून आलेली नाही.

गायकी म्हणूनच कळपाच्या मागे चालतो. सगळ्यांना हाकायची गरज नसते, त्या एका गाईला वळवलं की झालं. नागझिऱ्याच्या रानाकडे गेलेला कळप दिवस मावळायच्या आत परत फिरवायचा, रोवणी झालेल्या बांध्यांत एक तोंड पडू द्यायचं नाही, फुटून जाणारीच्या गळ्यात लोढणं अडकवायचं, हे सगळं याच ओळखीवर चालतं. दिवाळीतल्या गायगोधनाला गोवारी समाज ढाल घेऊन नाचतो, शेणाचं गोधन घालून त्यावरून गाई नेतात. गाय अनोळखी वस्तूवर पाय टाकायला बिचकते. पहिलीला गोंजारून, चुचकारून न्यावं लागतं, मग बाकीच्या आपसूक जातात.

पिढ्यान्‌पिढ्या गाई राखणाऱ्या याच समाजाचे 114 लोक 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधान भवनाजवळ लाठीमारात आणि चेंगराचेंगरीत गेले. त्यात बाया आणि लेकरंच जास्त. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी ते मोर्चा घेऊन आले होते. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मागणी मात्र 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयात अडली. माणसांच्या बेभान गर्दीला जे गुरांची उपमा देतात, त्यांनी एकदा आखर बघावा. तिथे प्रत्येकीला शेजारीण ठाऊक असते आणि बाजूला सरायला जागा असते. नागपुरात त्या दिवशी जागाच ठेवली नव्हती.

आता आखर ओस पडत चाललेत. धानाच्या चिखलात चालणारी इथली बुटकी, चिवट ढोरं ‘कठाणी’ या नावाने देशाच्या जातींच्या यादीत गेली खरी, पण नांगरटीला ट्रॅक्टर आला आणि वर्षाच्या धानावर गाई राखायला तरुण पोरं तयार नाहीत. गाय खुंट्याला बांधलेली राहते, नाहीतर मोकाट सुटते. मोकाट सुटलेली गायही एकटी राहत नाही. पावसाळ्यात रात्री गोंदिया-गोरेगाव-कोहमारा रस्त्यावर त्या घोळक्याने बसतात. बांध्या चिखलाने भरलेल्या, डांबर तेवढं कोरडं. गाडीवाले हॉर्नवर हॉर्न मारतात, दिवे डोळ्यांवर टाकतात आणि घोळका गडबडून भलतीकडेच फुटतो.

तेव्हा त्या रस्त्याने जाणार असाल तर एवढं करा. दिवे खाली घ्या, गाडी बाजूला थांबवा. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते, तिला वेळ लागतो. पुढ्यात उभे राहाल तर ती मागे सरेल, पाठीमागून याल तर तुम्ही तिला दिसणारच नाही. एका गाईच्या खांद्याच्या जरा मागे, बाजूने जा आणि नुसतं ‘हो, हो’ म्हणा. ती चालू लागेल. बाकीच्यांना उठवायला जाऊ नका, त्या तिच्यामागे येतील.