ब्लॅकपूल : कंपनी गेली, गाड्या धावताहेत!

‘‘आधी ऑइल नीट गरम होऊ दे. तोवर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायचा नाही. झोपेतून उठवल्या उठवल्या कोणाला पळायला लावतं का कोणी?’’

शनिवारची सकाळ, सात वाजलेले, मँचेस्टरमधली एक चिडीचूप गल्ली. दादा मला गाडीबद्दल सांगत होता, पण सूर असा, की घरातल्या एखाद्या मानी म्हाताऱ्या आत्याबद्दल बोलतोय. समोर गडद हिरवी टीव्हीआर किमेरा. दोन सीट, लांबलचक नाक, जमिनीला टेकायला आलेली. नव्वदच्या दशकातली. दादाने किल्ली फिरवली आणि समोरच्या घराचा पडदा हलला. अहो, पडदा काय, मीच हललो! चार लिटरचं व्ही-8 इंजिन, सुमारे 240 हॉर्सपॉवर आणि गाडीचं वजन जेमतेम हजार-अकराशे किलो. आपल्याकडच्या एखाद्या हॅचबॅकएवढं.

वहिनींनी खिडकीतून डबा पुढे केला. ‘‘धपाटे आहेत. टोचन करून आणायची वेळ आली तर वाटेत खायला!’’

दादा हसला, पण नेहमीसारखा नाही. कारण या गाडीतून ही त्याची शेवटची ब्लॅकपूल वारी होती. वीस वर्षांपूर्वी ऑनसाइट म्हणून इथं आलेला आमच्या पेठेतला हा दादा आता कायमचा पुण्याला निघालाय. काकू एकट्या आहेत, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. आणि वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल, तर ती सरळ मार्गाने भारतात आणता येत नाही. म्हणजे किमेरा इथंच राहणार. रविवारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. त्याआधी दादाला गाडी एकदा तिच्या माहेरी न्यायची होती.

गिरणगावचा समुद्र

मँचेस्टरहून ब्लॅकपूल साधारण 80 किलोमीटर. एम-61, मग एम-6, मग एम-55. तिसऱ्या रस्त्याच्या शेवटी सपाट हिरव्या शेतांपलीकडे टॉवर दिसायला लागतो. 1894 मध्ये उघडलेला, आयफेल टॉवरवरून सुचलेला, 158 मीटर उंच. खाली तीन पिअर, किनाऱ्याने 1885 पासून धावणारी इलेक्ट्रिक ट्राम, वाळूत फिरणारी गाढवं, आणि व्हिनेगर मारलेल्या चिप्सचा वास. आपली चौपाटी, जत्रा आणि एस्सेल वर्ल्डचे जुने दिवस एकत्र करा, वर बोचरा वारा सोडा. झालं ब्लॅकपूल!

या गावाशी आपलं एक लांबचं नातंही आहे. लँकेशायरच्या सुतगिरण्यांतला कामगार वर्षातून एकदा, गावची गिरणी आठवडाभर बंद झाली, की बायकापोरांसह इथं यायचा. आपला लालबाग-परळचा गिरणी कामगार गणपतीला कोकणात जायचा, तसा. तिकडच्या गिरण्यांचे भोंगे थांबले, इकडचेही थांबले. समुद्र मात्र दोन्हीकडे आहे.

अशा गावात स्पोर्ट्स कार बनत होती, यावर पटकन विश्वास बसत नाही. म्हणजे बघा, इटलीतल्या फेरारीच्या गावाचं नाव आपण अदबीने घेतो. आणि इथं? रोलर कोस्टर आणि रंगीत साखरेच्या कांड्यांच्या गावात?

ट्रेव्हरमधून टीव्हीआर

ट्रेव्हर विल्किन्सन हा ब्लॅकपूलचाच पोरगा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून गॅरेजात लागलेला. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याने स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि आपल्याच नावातली तीन अक्षरं उचलून त्याला टीव्हीआर म्हटलं. 1949 मध्ये पहिली गाडी बनली. पुढे कंपनी बुडाली, तरली, मालक बदलत गेले. 1981 मध्ये ती पीटर व्हीलर या केमिकल इंजिनिअरने घेतली. तो आधी टीव्हीआरचा ग्राहक होता! विचार करा, ज्या कंपनीची गाडी आपण चालवतो, ती कंपनीच विकत घ्यायची.

व्हीलरचा काळ म्हणजे टीव्हीआरचा सुवर्णकाळ. ग्रिफिथ, किमेरा, सर्बेरा, टस्कन. सर्बेराच्या दाराला बाहेरून हँडलच नाही, आरशाखालचं बटण दाबायचं. किमेराच्या पुढच्या इंडिकेटरची तर दंतकथाच आहे. व्हीलरच्या कुत्र्याने डिझाइनच्या फोम मॉडेलचा लचका तोडला, आणि तो खड्डा आवडला म्हणून इंडिकेटर तिथंच बसवले, असं सांगतात. एबीएस? नाही. एअरबॅग? नाही. ट्रॅक्शन कंट्रोल? नाव नको. या गोष्टींमुळे ड्रायव्हर फाजील भरवशावर राहतो, असं व्हीलरचं मत. पावसाळी घाटात मला हे मत अजिबात पटणार नाही, ते सोडा.

वॉरंटी नावाची गोष्ट

टॉवर मागे टाकून आम्ही उत्तरेला बिस्पमकडे वळलो. ब्रिस्टल अ‍ॅव्हेन्यू. भोसरी-चिंचवडला शोभेल अशी साधी शेड-शटरची औद्योगिक वसाहत. म्युझियम नाही, पुतळा नाही. दादाने गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि काही वेळ नुसता बसून राहिला.

‘‘दादा, खरं सांग. या गाड्या त्रास देतात ना?’’

‘‘ऐक. प्रेमात असलो तरी खोटं नाही बोलणार,’’ तो म्हणाला.

मग त्याने जे सांगितलं, ते टीव्हीआरवाल्यांच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. किमेरा आणि ग्रिफिथमध्ये रोव्हरकडून आलेलं जुनं, ओळखीचं व्ही-8 इंजिन होतं. पुढे व्हीलरने ठरवलं, की इंजिनही आपलंच हवं. त्यातून नव्वदच्या दशकाच्या शेवटी स्पीड सिक्स आलं. सहा सिलिंडर, अफलातून ताकद. पण व्हॉल्व्ह उघडणारे छोटे भाग लवकर झिजायचे. काही इंजिनं वॉरंटीतच पूर्ण खोलावी लागली. मोठी कंपनी असे घाव पचवते. इथं वॉरंटीचा खर्च आणि पुढच्या मॉडेलचा पैसा एकाच गल्ल्यातून निघत होता. थोडक्यात, जी टेस्टिंग कारखान्यात व्हायला हवी होती, तिचा बराचसा भाग ग्राहकाच्या दारात झाला. त्यात गाडीची बॉडी फायबर ग्लासची, म्हणजे वरून कधीच गंजणार नाही. पण आतली चॅसी स्टीलच्या नळ्यांची. ती आतल्या आत गंजते. वरून चकाचक, खालून पोकळ! असे लोक आपल्या ऑफिसातही असतात म्हणा.

मला माझी पुण्यातली बाइक आठवली. भलीमोठी कंपनी, काचेचं सर्व्हिस सेंटर, फुकट कॉफी. आणि एका फुटकळ पार्टसाठी सात आठवडे ‘‘सर, वरून यायचाय’’. कस्टमर केअरची बाई रोज मला सांगायची, की माझा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. शेवटी नाना पेठेतल्या एका काकांनी डब्यातून तसाच पार्ट काढून दिला, चहासुद्धा पाजला. मग खरा सपोर्ट कोणाचा? कंपनीचा, की काकांचा?

लंडनमधला रविवार

2004 मध्ये व्हीलरने कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या रशियन तरुणाला विकली. वय वर्षं 24. मी त्या वयात पहिल्या क्रेडिट कार्डाचं बिल भरत होतो. मागणी घसरत गेली, 2006 मध्ये कामगार कपात झाली, आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादन इटलीला हलवणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात 2006 संपता संपता ब्लॅकपूलचा कारखाना थांबला, तो कायमचाच.

आणि मग एक गंमत झाली. गंमत कसली, काळजाला हात घालणारी गोष्ट. नोव्हेंबर 2006 मधल्या एका रविवारी देशभरातले टीव्हीआर मालक आपापल्या गाड्या घेऊन लंडनला जमले. शेकडो गाड्या. कामगारांच्या पाठिंब्यासाठी. ज्या गाड्यांनी यांतल्या कित्येकांना भर हायवेवर उभं केलं असेल, खिसे रिकामे केले असतील, त्याच गाड्या घेऊन हे लोक रस्त्यावर उतरले.

‘‘मी फुटपाथवर उभा होतो,’’ दादा म्हणाला. ‘‘नवा नवा ऑनसाइट आलेला. कोणाची गाडी, कसला मोर्चा, काही माहीत नाही. आधी आवाज आला. आपला ढोल-ताशा लांबून येतो ना, आधी छातीत वाजतो, तसा. तिथंच ठरवलं, एक दिवस घेईन. सहा वर्षं लागली.’’

त्याने सीटमागून एक फाइल काढली. जाडजूड. 2012 पासूनची सगळी बिलं. गंमत बघा, यातलं एकही बिल मूळ कंपनीचं असणं शक्यच नव्हतं. कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ही बिलं छोट्या, स्वतंत्र गॅरेजवाल्यांची. कोणी फक्त चॅसी करतो, कोणी फक्त इंजिन. स्पीड सिक्ससाठी तर या मंडळींनी मूळपेक्षा टिकाऊ भाग वापरून इंजिनं नव्याने बांधली. जोडीला 1962 पासूनचा टीव्हीआर कार क्लब. फोन केला, की पलीकडून कोणीतरी हमखास विचारणार, ‘‘आवाज कसा येतोय? जरा रेस करून ऐकव.’’

यात उगाच गुलाबी रंग भरायला नको. हे प्रेम स्वस्त नाही. आणि मालकांचा क्लब कितीही जिवाभावाचा असला, तरी त्याने कामगारांची नोकरी वाचत नाही. 2013 मध्ये ब्रिटिश गुंतवणूकदारांनी टीव्हीआरचं नाव विकत घेतलं, 2017 मध्ये गुडवूडला नवी ग्रिफिथ थाटात दाखवली, वेल्समध्ये कारखान्याची घोषणाही झाली. पुढे तारखांवर तारखा पडल्या. आगाऊ पैसे भरलेले लोक वाट बघत राहिले. नाव विकत घेता येतं, नव्या गाड्या बनवणं वेगळं.

परतताना

दुपारी ऊन पडलं. आम्ही छताचा मधला भाग काढून डिकीत ठेवला, आणि बरोब्बर दहा मिनिटांत पाऊस आला. चूक आमची, आभाळाकडे बघितलंच नव्हतं. भिजत, हसत, गार झालेले धपाटे खात आम्ही बसलो. शेजारी एक आजोबा थांबले. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर अलगद हात ठेवला. ‘‘इथली आहे,’’ एवढंच म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. ते कारखान्यात होते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

परतीला दादाने किल्ली माझ्या हातात दिली. मी आधी ऑइल नीट गरम होऊ दिलं. गाडी एकदाही थांबली नाही, कुरकुरली नाही. टोचनची गरज पडली नाही.

रविवारी गिऱ्हाईक आलं. पंचविशीतला मुलगा, बापाला बरोबर घेऊन. भाव ठरला. दादाने फाइल त्याच्या हातात दिली, पहिल्या पानावरचे गॅरेजवाल्याचे नंबर दाखवले आणि म्हणाला, ‘‘अडचण आली, तर आधी यांना फोन कर. मग मला. पुण्याची वेळ साडेचार-साडेपाच तास पुढे असते, पण मी उचलेन.’’

गाडी कोपऱ्यावर वळली. आवाज बराच वेळ येत राहिला. वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘गेली माझी सवत.’’ आणि डोळे पुसले त्यांनीच.

जायचं असेल तर...

• मँचेस्टरहून ब्लॅकपूल नॉर्थपर्यंत ट्रेनने जाता येतं. तिथून समुद्र चालत गाठता येतो.
• रोषणाई बघायची असेल तर शरद ऋतूत जा. 1879 मध्ये विजेच्या दिव्यांनी सुरू झालेली ही परंपरा आहे. जाड जॅकेट मस्ट!
• ब्रिस्टल अ‍ॅव्हेन्यूला टीव्हीआरसाठी बघण्यासारखं काही उरलेलं नाही. आपल्यासारखे वेडे तरीही जातात.
• जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी मालकांच्या क्लबमध्ये जा, मग शोरूममध्ये. गाडी लिफ्टवर चढवून चॅसी खालून बघा. आणि चमकणाऱ्या रंगापेक्षा बिलांच्या जाड फाइलवर विश्वास ठेवा.