मीटर नसलेलं बोलणं

साठीच्या अलीकडच्या काठावर झोप पातळ होत जाते. पहाटे चारच्या सुमारास, कुणी हाक मारावी तशी जाग येते. घर झोपलेलं, रस्ता झोपलेला, दुधाची गाडी यायला अजून अवकाश. अशा वेळी आईचा हात उशाखालच्या जपमाळेकडे जायचा. माझा फोनकडे जातो. जाऊ नये, असं डॉक्टर सांगतात, मुलगा सांगतो आणि फोनवरचे तज्ज्ञही फोनवरूनच सांगतात.

फोन उघडला की कळतं, जागं असणारं आपल्यासारखं बरंच कुणी आहे. शाळेच्या ग्रुपवर एव्हाना गुलाबाचं फूल येऊन पडलेलं असतं, दवबिंदूंसकट, आणि खाली सुविचार. तरुण मुलं या फुलांची थट्टा करतात. करोत बापडी. आमच्यातली एक मैत्रीण नवरा गेल्यापासून नाशिकला एकटीच राहते. तिचं फूल रोज सहाच्या आत येतं. नाही आलं, तर सातपर्यंत कुणी ना कुणी तिला फोन करतंच. हे कुणी ठरवलेलं नाही, आपोआप होत गेलं. 'आहे मी', एवढाच त्या फुलाचा मजकूर. सुविचार कुणीच वाचत नाही. पाठवणारीसुद्धा नसेल वाचत.

बोलण्याची किंमत मोजत मोठी झालेली आमची पिढी. घरी फोन यावा म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षं थांबलेली. नव्वदच्या दशकात रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग लागायची. काचेच्या त्या खोक्यात शिरलं की समोर लाल आकडे धावू लागायचे आणि त्यांच्यावर डोळा ठेवूनच बोलावं लागायचं. काय सांगायचं ते रांगेतच मनात लावून ठेवलेलं असे : आईचं औषध, बाळाचं बारसं, पैसे पोचले का. आणि फोन कुणाला करायचा, हे तर त्याही आधी ठरलेलं. महिन्याच्या पाकिटात बसतील एवढीच माणसं.

२०१३च्या जुलैत तार बंद झाली, २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, आणि बघता बघता मीटर दिसेनासा झाला. आता अमेरिकेतल्या भाचीशी तासभर समोरासमोर बोलता येतं. तिच्या खिडकीतला बर्फ मी माझ्या घामाघूम स्वयंपाकघरातून पाहते. या चैनीचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. पण मीटरबरोबर आणखीही काही गेलं. आपली माणसं निवडायचं काम तो न सांगता करून देत होता.

फोन निवडत नाही, ओततो. गुडघेदुखीचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तर दुसऱ्या दिवसापासून साऱ्या जगाचे गुडघे दारात येऊन उभे राहतात. मागोमाग साखर, मोतीबिंदू, विसरभोळेपणाची दहा लक्षणं. त्यातली सहा आपल्यात लगेच सापडतात. ग्रुपवर तर दुःखालाही धड जागा मिळत नाही. वर्गातलं कुणी गेल्याची बातमी येते. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेल्या हातांची ओळ लागते, आणि तिच्या मधोमध नवरा-बायकोचा एक विनोद येऊन पडतो. पाठवणाऱ्यानं वरचं वाचलेलंच नसतं. गेलेला आपल्या मागच्या बाकावर बसायचा, परीक्षेत त्यानं आपल्याला कंपास दिला होता, हे सांगायला तिथे सवड नसते. फोन खाली ठेवल्यावर नुसता थकवा उरतो.

अफवांनी कहर केला तेव्हा, २०१८मध्ये, आलेला संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा व्हॉट्सॲपनं आपल्याकडे घातली. मला गंमत वाटली. बूथच्या दिवसांत आमची यादीही जवळपास एवढीच होती.

स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी नव्वदच्या दशकात एक सिद्धांत मांडला. पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवू लागलं, की माणूस नव्या ओळखींमागे धावणं सोडतो आणि ज्यांच्याशी जीव जडलाय अशा मोजक्या माणसांकडे वळतो. म्हातारपणी गोतावळा आटतो, पण सगळाच नाइलाजानं नाही. बराचसा आपणच आटवत आणतो, आणि त्यानं मनाला स्वस्थता येते. हे वाचलं आणि आईची शेवटची वर्षं डोळ्यांपुढे आली. लग्नाकार्याला ती जाईनाशी झाली होती. शेजारच्या काकू आणि धाकटी मावशी यांच्याशी मात्र दुपार-दुपार बोलत बसायची. नातेवाईक म्हणायचे, एकलकोंडी झाली. ती मेथी निवडत होती; काड्या बाजूला, पानं पदरात.

माझ्याही पदरात काही पानं आहेत. बँकेत शेजारच्या काउंटरवर बसणारी माझी मैत्रीण स्वेच्छानिवृत्ती घेऊन रत्नागिरीला गेली. दुपारी ती वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचा फोटो पाठवते. आडवे शब्द माझे, उभे तिचे. अडलं की व्हॉइस मेसेज. तिच्या आवाजामागे कधी कुकरची शिट्टी, कधी पत्र्यावरचा पाऊस, कधी नुसतंच 'थांब गं, आठवतंय'. तीन अक्षरी पक्ष्यावरून निघालेलं बोलणं तिच्या सुनेच्या बाळंतपणावर जाऊन थांबतं आणि पक्षी रिकाम्या चौकटीतच राहतो. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री आम्ही उशिरापर्यंत जुनी कोडी उकरत बसलो. भीतीचं नाव दोघींनीही काढलं नाही. सकाळी तिचा मेसेज आला : 'निघते गं. उभे सात सुटलं.'

मुलगा म्हणतो, "आई, फोन कमी बघ." त्याचं चुकत नाही. आठवड्याला किती तास झाले, हे फोन स्वतःच मांडून दाखवतो. पण त्या हिशेबात रत्नागिरीचा अर्धा तास आणि गुडघ्यांचा अर्धा तास एकाच भावानं धरलेला असतो. तो वेगळा मांडायचा तर मलाच मांडावा लागणार. म्हणून शाळेच्या ग्रुपचा आवाज मी बंद केलाय. नाशिकचं फूल आलं का, तेवढं आवर्जून बघते. नको असलेला व्हिडिओ 'नको' म्हणून कसा सांगायचा, ते भाचीनं दाखवलंय. गुडघे तरीही अधूनमधून येतातच. आले तर एखादा मीही बघून घेते. दुखतात ते काही खोटं नाही.