लगाम सैल करण्याची वेळ

आमच्या मावळात तळेगावजवळ जापालूप हे घोडेस्वारीचे केंद्र आहे. ड्रेसाज हा घोडेस्वारीचाच एक प्रकार. 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी त्यात सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी सुवर्ण मिळाले.

यात शर्यत नाही, उडी नाही. ठरलेल्या चाली घोडा किती सहज चालतो, हे पाहतात. स्पर्धेत स्वाराने आवाज काढायचा नाही. पायाचा हलका दाब, बसण्यातला तोल आणि लगामाचा इशारा, एवढीच भाषा. घोड्याने ऐकले की त्याच क्षणी दाब सोडायचा. त्यातूनच त्याला कळते की आपले बरोबर आले. दाब तसाच राहिला तर तो हळूहळू इशाऱ्यालाच बधिर होतो.

आम्ही वर्गात हेच पाहतो. लाजऱ्या मुलाने एक उत्तर दिले आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला, तर पुढच्या वेळी तो हात वर करत नाही. घरीही मुलीने स्वतःहून पुस्तक उघडले, तर ‘आणखी एक धडा कर’ म्हणू नये. अम्मी-अब्बांनी तेवढा सब्र करावा. उद्या ती पुन्हा पुस्तक उघडेल.