तपासणीआधीचे दिवस

गर्भाशयमुखाच्या तपासणीची वेळ घ्यायची आणि त्या दिवशी यायचंच नाही, असं करणाऱ्या बायका माझ्याकडे कमी नाहीत. फोन केला की कारणं ऐकू येतात. पाळी आली, पाहुणे आले, सोयाबीन काढायला आलं. कारणं खोटी नसतात, पण अर्धी असतात. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात काम करते. या तपासणीतला सगळ्यांत जड भाग वेळ ठरल्यापासून ती उजाडेपर्यंतच्या रात्रींत असतो, असं माझं मत झालं आहे. आम्ही डॉक्टर मात्र टेबलावरच्या दोन-तीन मिनिटांचीच तयारी करतो आणि बाकीच्यावर ‘घाबरू नका’ एवढं बोलून मोकळे होतो.

‘घाबरू नका’ म्हटल्याने कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. उलट घाबरण्यासारखं काहीतरी आहे, याची खात्री पटते. म्हणून मी विचारते, “मावशी, नेमकं कशाचं भ्या वाटतंय?” प्रश्न असा विचारला की उत्तरं येतात. कुणाला लाज वाटते, कुणाला दुखेल असं वाटतं, कुणाला ‘काही निघालं तर?’ हा प्रश्न छळतो. आणि आमच्याकडे एक चौथं उत्तर हमखास मिळतं: “पिशवी काढायला लावतील का, मॅडम?”

ही भीती अडाणीपणातून आलेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या जात असल्याच्या बातम्या 2019 मध्ये बीडमधून आल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या बाईने जावेला, नणंदेला अंगावरून पांढरं जातंय एवढ्या तक्रारीवर ऑपरेशनच्या टेबलावर गेलेलं पाहिलं आहे, ती दवाखान्याचं तोंड का पाहील? तिला मी सरळ सांगते. ही तपासणी कॅन्सर होण्याआधीचा बदल शोधण्यासाठी आहे. तसा बदल सापडला तर पिशवीच्या तोंडावरचा तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या बारीक कडीने कापून काढतात. बहुतेक वेळा बाई त्याच दिवशी घरी जाते आणि पिशवी जागेवर राहते. नुसत्या पहिल्या रिपोर्टवर कुणी पिशवी काढा म्हणालं, तर तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं, हेही सांगते. असं बोललेलं काही सहकाऱ्यांना आवडत नाही. नाइलाज आहे.

दुखण्याचं उत्तर शरीरातच आहे. आत घालायचं साधन, स्पेक्युलम, दोन पाकळ्यांचं असतं. मिटलेलं आत जातं आणि मग हळू उघडतं. बाई घाबरली की मांड्या आवळते, कंबर उचलते, श्वास रोखून धरते. योनीभोवतीचे स्नायू घट्ट होतात आणि साधन त्यांच्यावर दाबलं जातं. बरंचसं दुखणं तिथून येतं. म्हणून लोखंड आधी कोमट पाण्यात धरावं, लहान मापाचं घ्यावं, बाईला तोंडाने लांब श्वास सोडायला सांगावं आणि तो सुटत असतानाच साधन आत सरकवावं. पाळी गेलेल्या बायकांची आतली त्वचा कोरडी आणि पातळ झालेली असते, त्यांना खरंच जास्त दुखतं. त्यांना काही आठवडे इस्ट्रोजेनचं मलम लावायला देऊन मग बोलावलं तर मोठा फरक पडतो. घाई करण्यासारखा हा आजार नाही. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो; तो आत शिरल्यापासून कॅन्सर होईपर्यंत साधारणपणे दहा-पंधरा वर्षं जातात, तेव्हा महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही. दहा वर्षं थांबल्याने मात्र बिघडतं.

मी आणखी एक गोष्ट पाळते. “थांबा म्हणालात की मी थांबेन,” असं आधी सांगते आणि खरोखर थांबते. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत सिम्सचा स्पेक्युलम शिकवतात. त्या सिम्स नावाच्या डॉक्टरने 1840च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गुलाम काळ्या बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. नाही म्हणायची त्यांना सोयच नव्हती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा 2018 मध्ये हलवला. आम्हाला शिकताना हे कुणी सांगितलं नाही. हे ठाऊक झाल्यापासून परवानगी विचारणं मला नुसता शिष्टाचार वाटत नाही. ज्या बाईवर कधी जबरदस्ती झाली असेल तिला तर हा ‘थांबा’ फारच लागतो, आणि ती ते कारण सांगेलच असं नाही. काही जणींना स्पेक्युलम स्वतःच्या हाताने आत घ्यायला आवडतो. मी देते.

लाजेवर युक्तिवाद चालत नाही, सोय चालते. साडी असेल तर ती वर घेतली की झालं, अंगावर चादर. ड्रेस घालणाऱ्यांनी लांब कुर्ता घालून यावं. बाई डॉक्टर किंवा नर्सच हवी, असं वेळ घेतानाच सांगावं, त्यात कमीपणा नाही. बहीण, मैत्रीण, सून, जिचा धीर वाटतो तिला सोबत आणावं. पाळी थांबल्यानंतरचे दिवस निवडावेत, आधीचे दोन दिवस संबंध आणि आत ठेवायची औषधं टाळावीत. सकाळची पहिली वेळ मागावी, म्हणजे दिवसभर पोटात गोळा घेऊन बसावं लागत नाही.

एवढं सगळं कशासाठी करायचं, असंही कुणी विचारतं. त्याचं उत्तर आमच्याच मातीत आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना घेऊन बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने एक अभ्यास केला, तो 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरने 34 बायका गेल्या. तपासणी न झालेल्या, थोड्या लहान गटात 64. जगभरच्या धोरणांत हे आकडे सांगितले जातात. या अभ्यासावर टीकाही झाली, की तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी दिलीच नव्हती. ती टीका मला रास्त वाटते. पण ज्या गावांच्या जिवावर ही माहिती मिळाली, त्यांच्याच लेकीसुनांना ती ठाऊक नसावी, हे मला जास्त लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात जेमतेम दोन टक्के निघाल्या.

रिपोर्टची वाट पाहणं हा पुढचा त्रास. ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीचा निकाल मिनिटभरात कळतो, सरकारी केंद्रांत तीच होते. पॅपचा, म्हणजे पेशींचा, किंवा एचपीव्हीचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तेव्हा रिपोर्ट कोणत्या तारखेला येईल आणि कोण फोन करेल, हे लिहूनच घ्यावं. ‘काही असलं तर कळवू’ यासारखं वाईट वाक्य नाही. त्यानंतर फोन आला नाही तरी झोप उडते.

आणि एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांचं शरीर तो वर्ष-दोन वर्षांत परतवून लावतं. ज्यांच्यात तो टिकतो त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, दुर्बिणीतून पाहायचं, इतकंच. विषाणू कुणाकडून, कधी आला हे सांगता येत नाही. तो वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. रिपोर्ट हातात घेऊन नवऱ्याकडे, किंवा नवऱ्याने बायकोकडे, संशयाने बघण्यात अर्थ नाही. हे मी दोघांना समोर बसवून सांगते, कारण एकटीने घरी जाऊन सांगितलं तर ऐकून घेतलं जात नाही.

एवढं सांगूनही टेबल नकोच म्हणणाऱ्या असतात. एचपीव्हीसाठी त्यांना स्वतःचा नमुना स्वतः घेता येतो. मऊ काडी थोडी आत फिरवायची आणि नळीत टाकायची. जागतिक आरोग्य संघटनेचीही याला मान्यता आहे. सोय अजून सगळीकडे पोचलेली नाही, पण मोठ्या शहरात विचारून पाहावं. फक्त विषाणू निघाला तर पुढे टेबलावर यावंच लागतं, हे मी काडी हातात देण्याआधी सांगते. ते ऐकून एखादी हसते आणि म्हणते, “मग आत्ताच चढते की, दोनदा कोण येतंय!”