रिकाम्या खोलीची किल्ली

सरकारी विश्रामगृहात ज्यांनी कधी रात्र काढली आहे, त्यांना एक अनुभव खचितच आला असेल. सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, एकच रिकामी असते, आणि नेमकी तीच आपल्याला मिळत नाही. चौकीदार सांगतो, ती साहेबांसाठी राखून ठेवली आहे. कोणते साहेब आणि केव्हा येणार, हे त्यालाही ठाऊक नसते. आले तर त्यांना क्षणभरही तिष्ठावे लागू नये, एवढाच त्या व्यवस्थेचा हेतू. हेतू वाईट नाही. परंतु त्यापायी दारात आलेला पाहुणा बॅग उशाला घेऊन व्हरांड्यात झोपतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या संगणकात अगदी हाच प्रकार घडला.

माझ्या संगणकावर लिनक्स आहे. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. पलटणीतल्या कर्नलसाहेबांशी त्याचे नाते केवळ उच्चारापुरतेच. हुकमत मात्र तशीच. प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांपैकी कोणाला काय आणि किती द्यावयाचे, हे तोच ठरवितो. या संगणकाच्या पोटात मी एक दुसरे, आभासी यंत्र बाळगले आहे. त्यात 2001 साली निघालेले विंडोज एक्सपी नांदते. त्याच्या कर्त्यांनी 2014 साली त्याची देखभाल थांबविली, म्हणून इंटरनेटचा वारा मी त्याला लागू देत नाही. एवढ्या जुन्या पाहुण्याला सांभाळण्याचे कारण एकच. माझ्या वडिलांच्या आठवणी त्याच्यापाशी आहेत.

वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर हट्टाने संगणक शिकून त्यांनी आपल्या आठवणी टंकित केल्या. युनिकोड मराठी घरोघरी पोहोचण्यापूर्वीचा तो फाँट. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे बसविणारा. आजच्या यंत्रावर ती फाइल उघडली, तर रोमन अक्षरांचा नुसता चुरा दिसतो. ज्या प्रोग्रामात ते लिहीत, तो प्रोग्रामही जुन्या विंडोजवाचून चालत नाही. वडील जाऊन वर्ष होत आले होते, आणि वर्षश्राद्धाला त्यांतली काही पाने वाचावी अशी ताईची इच्छा होती. पंधरा दिवस उरले असता मी ते यंत्र उघडावयास गेलो, तो ते सुरू होईना. प्रोसेसरची आभासीकरणाची सोय आधीच केव्हीएमने घेतलेली आहे, अशा अर्थाचा संदेश तेवढा पडद्यावर उमटला.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. एका यंत्रात दुसरे यंत्र चालवावयाचे, तर प्रोसेसरने स्वतःच त्यासाठी एक वेगळी अवस्था पुरविलेली बरी, असे ठरून इंटेलने 2005 साली आणि एएमडीने 2006 साली आपल्या प्रोसेसरांत तशी सोय केली. पुढे फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच या सोयीचा उपयोग करणारा विभाग दाखल झाला. तोच हा केव्हीएम. माझा पाहुणा मात्र केव्हीएमच्या आश्रयाला नाही, दुसऱ्याच एका प्रोग्रामाच्या आश्रयाला आहे. आणि या खोलीची किल्ली एका वेळी एकाच्याच हाती असू शकते.

मग इतकी वर्षे दोघांचे जमले कसे? पूर्वी केव्हीएम किल्ली घेई ती प्रत्यक्ष पाहुणा आल्यावर, म्हणजे कोणी त्याच्यामार्फत आभासी यंत्र सुरू केले तरच. माझ्याकडे तसे कोणी करीतच नसे. परंतु नोव्हेंबर 2024 मध्ये निघालेल्या 6.12 या आवृत्तीपासून शिरस्ता बदलला. केव्हीएम जागा होताच किल्ली ताब्यात घेऊ लागला. पहिले यंत्र सुरू करतेवेळी प्रोसेसरच्या एकेका गाभ्यावर ही सोय चालू करण्यात जो वेळ जातो तो वाचावा, हे त्याचे एक कारण. जेथे अशी असंख्य यंत्रे चालतात, तेथे ते योग्यच आहे. माझ्या घरी मात्र साहेब कधीच येणार नव्हते, आणि खोली राखीव झाली होती. नवा कर्नल मीच आदल्या आठवड्यात, नेहमीच्या सुधारणांबरोबर, न पाहता बसविला होता.

प्रथम मी केव्हीएमला बाहेर काढू पाहिले. पुष्कळ यंत्रांवर तो सुटा भाग असतो आणि चालू यंत्रातूनही उतरविता येतो. माझ्याकडे तो कर्नलमध्येच घडविलेला निघाला. भिंतीतले कपाट उचलून बाहेर ठेवता येत नाही. पाहुण्यालाच केव्हीएमच्या आश्रयाला न्यावे, असेही मनात आले. पण इतक्या जुन्या विंडोजला आपल्याभोवतीचे हार्डवेअर एकाएकी बदललेले सोसत नाही, आणि वडिलांच्या एकुलत्या एका प्रतीवर मला प्रयोग करावयाचे नव्हते.

शेवटी उपाय सापडला तो एका ओळीचा. यंत्र सुरू होताना, कर्नल अजून जागा व्हावयाचा असतो तेव्हा, ग्रब नावाचा द्वारपाल त्याला एक ओळ वाचून दाखवितो. त्या ओळीच्या शेवटी आपली सूचना जोडता येते. आधी केव्हीएमचे नाव, मग टिंब, मग ‘एनेबल’, ‘व्हर्ट’, ‘ॲट’ आणि ‘लोड’ हे शब्द अधोरेषांनी जोडलेले, पुढे बरोबरीचे चिन्ह आणि शून्य. ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून मी ती एकदा हाताने लिहून पाहिली. ती तेवढ्या एका वेळेपुरती टिकते. काम झाल्यावर ग्रबच्या फाइलीत कायमची नोंदविली.

या सूचनेच्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक, तिने केव्हीएम नाहीसा होत नाही. तो जागच्या जागी राहतो. फक्त, गरज पडेल तेव्हा किल्ली घे, आधीच धरून बसू नकोस, एवढेच त्याला सांगितले जाते. दुसरी, ती आरंभापूर्वीच सांगावी लागते. यंत्र चालू झाल्यावर ही नोंद वाचता येते, बदलता येत नाही. मी पाहिले, तेथे ‘वाय’च्या जागी ‘एन’ हे अक्षर आले होते. आणि मग ते जुने, निळ्या आभाळाचे आणि हिरव्या टेकडीचे चित्र पडद्यावर उमटले.

वडिलांची फाइल उघडली. पहिल्याच पानावर माझे काम होते: तीन परिच्छेद युनिकोडमध्ये उतरविलेले, दोन शब्द दुरुस्त केलेले. त्याखालची तारीख दहा महिन्यांपूर्वीची होती.

ताईने या दहा महिन्यांत चारपाच वेळा तरी ती पाने मागितली होती. मी प्रत्येक वेळी सांगत आलो, नीट शुद्ध करून पाठवितो. एकदा ती म्हणाली होती, “अरे, आहे तसे पाठव ना. नानांच्या चुका मला वाचता येतात.” मी हसून विषय बदलला होता. पदवीधर मी, मराठीच्या शुद्धलेखनाचा अभिमान मला. तेव्हा हे काम माझेच, असे मी परस्पर ठरवून टाकले होते. काम करीत नव्हतो, दुसऱ्याला करू देत नव्हतो, आणि माझा हेतूही वाईट नव्हता.

केव्हीएमवर आठवडाभर चरफडलो होतो, त्याची त्या क्षणी मला लाज वाटली.

त्याच रात्री, एकही वेलांटी न बदलता, एकशे बारा पानांची पीडीएफ करून मी ताईला सांगलीस पाठविली. सकाळी तिचा फोन आला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “नानांनी ‘आजी’तला ‘जी’ सगळीकडे ऱ्हस्व लिहिलाय रे. तसाच राहू दे.”