पाठमोरे उतरणे

माणूस चढतो कसा याचे कौतुक साऱ्यांना; उतरतो कसा, तिकडे कुणी पाहत नाही. आमच्या शेजारची चाळ पाडून पायाची खोदाई सुरू झाली आणि एक अगडबंब पोकलेन दाखल झाले. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपण ते त्या साऱ्या जातीलाच देऊन टाकले, डालड्याचे केले तसे!) निवृत्त माणसाला गॅलरीत बसायला तेवढे निमित्त पुरते.

पण यंत्रापेक्षा मला नवल वाटले ते त्याच्या चालकाचे. सोलापूरकडचा, चाळिशीचा गडी. टनभर माती एका घासात उचलणारा हा बहाद्दर उतरताना मात्र एखाद्या म्हातारीसारखा उतरे. तोंड यंत्राकडे, पाठ जगाकडे. दोन्ही हात दांड्यांना. एक पाय हलला की बाकीचे तिघे जागच्या जागी. मग पाय हलत नाही, तेव्हाच एक हात सुटायचा. चढण्यापूर्वी बुटांचा चिखल खरवडायचा. डबा कधी हातात घ्यायचा नाही. वर बसल्यावर पोऱ्याने खालून द्यायचा. आणि तो विशीतला पोऱ्या? तो स्वतः दारातूनच धाडकन उडी ठोकी.

“अहो, तुम्हीच एवढं का जपता?” मी एकदा विचारले.

तो हसला नाही. “काका, चारांतले तीन चिकटलेले असले, की एक निसटला तरी दोन उरतात. माझा भाऊ ह्याच धंद्यात होता. खालची पायरी दगडाला अडू नये म्हणून जमिनीपासून उंच असते. तेवढ्यासाठी कोण वळतंय, म्हणून त्यानं उडी मारली. खाली ओला मुरूम, त्यात वीट. टाचेचं हाड चुरलं. आता गावाकडं पानाची टपरी चालवतो.” जरा थांबून म्हणाला, “इंजिन बंद होतं बघा तेव्हा.”

हे मला फार लागले. यंत्र धडधडत असते तोवर माणूस सावध असतो. ते थांबले, की त्याला घर दिसू लागते.

दिवाळीसाठी तो गावी गेला आहे. काल पावसाची सर येऊन गेली. पोऱ्या काचा पुसायला वर चढला होता. काम आटोपून तो दारात उभा राहिला, त्याने खाली पाहिले. मी कठडा घट्ट धरला. हाक मारावी तर दचकायचा!

पोऱ्याने फडके खाली टाकले, आणि तो वळला.